विमानतळाची गाडी आणि चाळीसगावचा टांगा

परदेशी शिष्यवृत्तीच्या याद्या लागल्या आणि व्हिसा हातात पडले की आपल्या विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर दरवर्षी एकच प्रश्न फिरू लागतो. मुंबई विमानतळावर सोडायला ड्रायव्हरसकट गाडी कुठे मिळेल आणि किती घेतात? उत्तरेही ठरलेली असतात. एर्टिगा की इनोव्हा, किलोमीटरला किती, टोल-पार्किंग वेगळे की धरून, रात्रीचा चार्ज लागतो की नाही. सगळ्यांत स्वस्त दर सांगणाऱ्याचा नंबर पुढे पाठवला जातो आणि विषय संपतो.

आमचे म्हणणे असे आहे की हा विषय तिथे संपत नाही. भाड्याच्या गाडीत मागच्या सीटवर कोण बसू शकतो आणि पुढे ती गाडी कोण, किती तास आणि कोणत्या अवस्थेत चालवतो, हे दोन्ही प्रश्न आंबेडकरी चळवळीचे आहेत. पहिल्या प्रश्नाचे उत्तर आपण लढून मिळवले. दुसऱ्या प्रश्नाकडे आपले लक्ष नाही. ते का असले पाहिजे, हे सांगण्यासाठी हा लेख.

दुप्पट भाडे देऊनही गाडीवान मिळत नव्हता

भाड्याची गाडी ही आपल्या इतिहासात कधीच नुसती सोय नव्हती. बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींत ज्या घटना नोंदवल्या आहेत, त्यांपैकी दोन थेट भाड्याच्या वाहनाबद्दल आहेत.

पहिली १९०१ सालची. लहान वयाचा भीमराव, त्याचा भाऊ आणि भाचे वडिलांना भेटायला निघाले आणि सातारा जिल्ह्यातल्या मसूर स्थानकावर उतरले. अंगावर चांगले कपडे, खिशात भाड्याचे पैसे. बाहेर बैलगाड्या उभ्या. पण ही महारांची मुले आहेत हे कळताच एकही गाडीवान त्यांना नेण्यास तयार होईना. शेवटी स्टेशन मास्तरने तोडगा काढला. मुलांनी भाडे दुप्पट द्यायचे, गाडी मुलांनीच हाकायची आणि गाडीवान बाजूने पायी चालणार. आज रात्री-अपरात्री अ‍ॅप भाडे वाढवते तेव्हा आपण चिडतो. त्या मुलांकडून घेतलेली वाढ मागणी-पुरवठ्याची नव्हती, जातीची होती. आणि ती भरूनही गाडी त्यांनाच हाकावी लागली.

दुसरी घटना १९२९ सालची. आता तो मुलगा कोलंबिया आणि लंडनमध्ये शिकून आलेला बॅरिस्टर होता, मुंबई कायदेमंडळाचा सदस्य होता. अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांची चौकशी करणाऱ्या सरकारी समितीच्या कामासाठी तो खानदेशात फिरत होता. चाळीसगावच्या आपल्या लोकांनी आग्रहाने मुक्कामाला थांबवले. स्थानकापासून वस्तीपर्यंत न्यायला टांगा आणायचा होता, पण अस्पृश्याला बसवून टांगा हाकायला एकही टांगेवाला तयार नव्हता. साहेबांना पायी न्यायचे हे लोकांना पटेना. म्हणून मधला मार्ग निघाला. टांगा टांगेवाल्याचा, पण हाकणारा आपल्यातलाच एक जण. त्याने त्याआधी कधी टांगा हाकला नव्हता. वाटेत नदीवरच्या फरशीवर घोडा बिथरला, चाक दगडात अडकले आणि बाबासाहेब दगडी फरशीवर फेकले गेले. घोडा आणि टांगा नदीत पडला. बाबासाहेबांचा पाय मोडला आणि कित्येक दिवस त्यांना हिंडता-फिरता आले नाही.

या घटनेतून आपण साधारणपणे एकच निष्कर्ष काढतो. टांगेवाल्यासारखा कष्टकरीसुद्धा जातीच्या जोरावर स्वतःला एका बॅरिस्टरपेक्षा वरचा समजत होता. हा निष्कर्ष बाबासाहेबांचाच आहे आणि तो खराच आहे. पण त्यातच दुसरेही एक सत्य आहे. हाकण्याचे काम ज्याला येत नाही किंवा जे करण्याच्या स्थितीत जो नाही, त्याच्या हाती लगाम गेला की मागे बसलेल्याचा जीव धोक्यात येतो, मग मागे बसलेला कितीही मोठा असो. हाकणे हे कौशल्याचे काम आहे. जातव्यवस्थेने त्या कौशल्याभोवती खोट्या प्रतिष्ठेची भिंत उभी केली. आजचा बाजार त्याच कौशल्याची किंमत पाडतो आहे. दोन्हीचा परिणाम रस्त्यावर एकच होतो.

अ‍ॅप जात विचारत नाही, पत्ता विचारते

आपल्यातले काही सुशिक्षित तरुण म्हणतात, "आता कुठे राहिली जात? अ‍ॅप उघडा, पैसे भरा, गाडी दारात येते. बाजार पैसा बघतो, आडनाव बघत नाही." या म्हणण्यात काही तथ्य आहे, ते नाकारण्याचे कारण नाही. मसूरच्या स्थानकावर जे घडले ते आज मुंबईच्या टर्मिनलवर तसेच घडणार नाही. शहराने, पैशाने आणि त्याहूनही अधिक संविधानाने हा फरक घडवला आहे. अस्पृश्यता कलम १७ ने रद्द केली. १९५५ च्या नागरी हक्क संरक्षण कायद्याने अस्पृश्यतेच्या कारणावरून सार्वजनिक वाहन वापरू न देणे आणि सेवा नाकारणे हे गुन्हे ठरवले. बाजार आपोआप सुधारला नाही, त्याला कायद्याने सुधारावे लागले. हा क्रम विसरता कामा नये.

आणि सुधारणा पूर्ण झाली असेही नाही. अ‍ॅपला जात लागत नाही, पण पत्ता लागतो. भीमनगर, सिद्धार्थनगर, रमाबाईनगर, मिलिंदनगर हे पत्ते महाराष्ट्रातला कोणताही माणूस एका क्षणात वाचतो. "गाडी आत येणार नाही, मेन रोडवर या" हे वाक्य आपल्या वस्त्यांतल्या कार्यकर्त्यांनी पुष्कळ वेळा ऐकलेले आहे. गल्ली अरुंद असेल तर प्रश्नच नाही, आपण बॅगा उचलून चालत येऊ. पण शेजारच्या तितक्याच अरुंद गल्लीत जाणारी गाडी आपल्या कमानीशी का थांबते, हे विचारण्याचा हक्क आपल्याला आहे. जिल्ह्याच्या गावी ट्रॅव्हल्सवाल्याकडे फोनवर बुकिंग करताना "आडनाव काय? कोणत्या गल्लीत?" असे विचारून मग गाडी शिल्लक नाही असे सांगितले जाते, तेव्हा गप्प बसू नये. तारीख, वेळ, नंबर लिहून ठेवावा आणि चार जणांनी मिळून जाब विचारावा.

म्हणजे मागच्या सीटचा लढा बराचसा जिंकलेला असला तरी संपलेला नाही, हे स्वच्छ सांगून आम्ही पुढच्या सीटकडे वळतो.

पुढच्या सीटवर कोण आहे?

बाबासाहेबांनी १९३८ साली मनमाडला रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांच्या परिषदेत एक गोष्ट दाखवून दिली होती. रेल्वेत अस्पृश्य माणूस गँगमन म्हणून रुळांवर राबू शकतो, पण त्याला साधा पोर्टरही होता येत नाही, कारण पोर्टरला स्टेशन मास्तरच्या घरी कामाला जावे लागते आणि तिथे विटाळ आडवा येतो. म्हणजे वाहतुकीच्या धंद्यात कोणी कोणते काम करायचे हे कौशल्यावर नव्हे, जातीवर ठरत होते. त्याच परिषदेत त्यांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू आहेत असे सांगितले. आपण पहिला शत्रू ओळखतो. दुसरा शत्रू मात्र आपल्या मोबाइलमध्ये सवलतीचा कुपन कोड घेऊन येतो, तेव्हा ओळखू येत नाही.

आज भाड्याच्या गाडीचे स्टेअरिंग कोणाच्या हातात आहे? शेती परवडेनाशी झाली म्हणून कर्ज काढून गाडी घेतलेला कुणबी, बारा वर्षे दुसऱ्याची गाडी चालवणारा मुसलमान, आयटीआय करून नोकरी न मिळालेला बौद्ध तरुण, मातंग, बंजारा, धनगर, मुंबईत उत्तर प्रदेश-बिहारहून आलेला भाऊ. सगळ्यांना एका धंद्याने एकत्र आणले, पण संघटित केले नाही. जात ही श्रमाची विभागणी नसून श्रमिकांचीच विभागणी आहे, हे बाबासाहेबांनी दाखवून दिले. भाड्याच्या गाड्यांचा सारा धंदा याच विभागणीवर चालतो.

गाडी बुक होते तेव्हा पैसा कसा फिरतो हे नीट पाहा. आपण पैसे देतो ते वेबसाइटला, अ‍ॅपला किंवा ट्रॅव्हल्सच्या ऑफिसला. ते आपले कमिशन कापून काम खालच्या व्हेंडरला देतात. व्हेंडर ते अटॅच गाडीच्या मालकाला देतो. मालक स्वतः चालवत असेल तर डिझेल, हप्ता, विमा आणि टोल जाऊन उरेल ते त्याचे. पगारी ड्रायव्हर असेल तर त्याला ठरलेला पगार आणि ड्युटीचा भत्ता. बिलावर "ड्रायव्हर भत्ता" असा रकाना असतो, आपण तो भरतोही. पण तो ड्रायव्हरच्या हातात पोहोचतो की मध्येच मुरतो, हे विचारणारा प्रवासी क्वचितच भेटतो. दर पाडायचा झाला की डिझेल स्वस्त होत नाही, हप्ता कमी होत नाही, टोल माफ होत नाही. या साखळीत कापता येण्यासारखी एकच गोष्ट उरते, ती म्हणजे ड्रायव्हरची मजुरी आणि त्याची झोप.

झोपेचा हिशेब

नागपूरचे उदाहरण घेऊ. समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये पूर्ण खुला झाला. नागपूरपासून भिवंडीजवळच्या आमण्यापर्यंत ७०१ किलोमीटर. तिथून विमानतळ आणखी पुढे, मुंबईच्या वाहतुकीतून. युरोपकडे जाणारी बरीचशी विमाने मध्यरात्रीनंतर सुटतात. समजा विमान पहाटे ३ वाजता आहे. आंतरराष्ट्रीय उड्डाणासाठी तीन तास आधी, म्हणजे रात्री १२ ला पोहोचायचे. त्यासाठी जेवणखाण आणि वाहतूक धरून सकाळी १० ला तरी निघावे लागेल. ड्रायव्हर त्याआधी कधी उठला? पहाटे एखादी रेल्वे स्थानकाची ड्युटी करून तो तुमच्या दारात आला असेल, तर त्याचा दिवस ५ वाजता सुरू झाला आहे. तुम्हाला टर्मिनलवर सोडताना त्याला १९ तास झालेले असतात. आणि तेव्हा मालकाचा फोन येतो, "रिकामा ये, उद्या संध्याकाळी दुसरी ड्युटी लागली आहे."

आपण भाडे भरताना बहुतेक वेळा जाण्या-येण्याच्या दोन्ही बाजूंचे भरतो. म्हणजे गाडीच्या परतीचे पैसे आपण देतो. ड्रायव्हरच्या झोपेचे कोणी देत नाही. विमान हवेत गेल्यावर आपला प्रवास सुरू होतो, पण त्या माणसाचा जीवघेणा प्रवास त्याच वेळी सुरू झालेला असतो. तो रस्ता सरळ, रात्र लांब आणि बाजूला बोलायला कोणी नाही. ज्यांनी रात्रीचा समृद्धी पाहिला आहे त्यांना डोळा कसा लागतो हे सांगण्याची गरज नाही.

कायदा काय म्हणतो? १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने ड्रायव्हरचे काम दिवसाला ८ तास आणि आठवड्याला ४८ तास ठरवले. लांब पल्ल्यासाठी १० आणि ५४ पर्यंत मुभा दिली. पाच तासांनंतर अर्धा तास विश्रांती सक्तीची केली. हे ४८ तास आकाशातून पडले नाहीत. बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. कारखान्यातल्या कामगाराचा आठवडा ५४ वरून ४८ तासांवर आणणारी १९४६ ची दुरुस्ती त्यांच्याच कारकिर्दीतली. १९६१ चा कायदा त्याच वाटेने ड्रायव्हरपर्यंत आला.

पण त्या कायद्यात एक भोक होते. तो पाच किंवा अधिक कामगार असलेल्या धंद्यालाच लागू होता. नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या आणि हा कायदा त्यांत विलीन झाला. व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संहितेत ही मर्यादा आता दहा कामगारांची आहे. म्हणजे भोक बुजले नाही, दुप्पट झाले. एक, दोन, चार गाड्यांचे मालक आणि त्यांचे ड्रायव्हर, म्हणजे विमानतळाच्या भाड्याचा मोठा धंदा करणारी माणसे, त्याबाहेरच राहिली. अ‍ॅपवाल्या गाड्यांसाठी केंद्राने २०२० साली मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत दिवसाला १२ तासांहून जास्त लॉग-इन नको आणि नंतर १० तास विश्रांती, असे सांगितले. पण अ‍ॅपबाहेर फोनवर ठरलेली ड्युटी त्या घड्याळात येत नाही. मोबाइल बंद झाला तरी ड्रायव्हर जागाच असतो.

आंबेडकरी माणसाने हे वाचून अस्वस्थ व्हायला हवे. आठ तासांचे श्रेय आपण दर १ मे रोजी बाबासाहेबांना देतो, पोस्टर लावतो. आणि आपल्याच मुलाला विमानतळावर सोडणारा माणूस वीस तास जागा आहे की नाही, हे आपण विचारत नाही.

आक्षेप आणि त्यांची उत्तरे

पहिला आक्षेप असा की, "आम्ही गरीब. राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती वर्षाला ७५ विद्यार्थ्यांना मिळते. बाकीचे कर्ज काढून, घर गहाण ठेवून जातात. आमच्यावरच ड्रायव्हरचा भार का?" हा आक्षेप खरा आहे आणि त्याला आमचे उत्तर असे की, परवडत नसेल तर पूर्ण रस्ता गाडी करूच नका. रेल्वे आहे. नागपूरहून विदर्भ, सेवाग्राम, दुरांतो. छत्रपती संभाजीनगरहून देवगिरी, तपोवन. ठाण्याला किंवा दादरला उतरून तिथून टॅक्सी करा. सामान आवरण्यासारखे असेल तर सीएसएमटीपासून मेट्रो ३ थेट टर्मिनल २ पर्यंत जाते. एकाच आठवड्यात जाणारे दोघे-तिघे असतील तर एक गाडी वाटून घ्या. हे सगळे मार्ग स्वाभिमानाचे आहेत. गरिबीतला स्वाभिमान आपल्याला कोणी शिकवायला नको. पण स्वतःचे चार पैसे वाचवण्यासाठी दुसऱ्या गरिबाची झोप विकत घेणे, याला काटकसर म्हणता येत नाही.

दुसरा आक्षेप असा की, "ड्रायव्हर जातीयवादी निघाला तर? त्याच्याशी आम्ही आदराने का वागायचे?" श्रमाचा आदर हे चांगल्या वागणुकीचे बक्षीस नाही. त्याचे कामाचे तास, त्याची मजुरी, त्याचे जेवण हे त्याचे हक्क आहेत, त्याचे विचार कसेही असोत. तो अपमान करील तर कायदा आहे, तक्रार आहे, आणि ती केलीच पाहिजे. पण तक्रार जातीयवादाची करायची, तो ड्रायव्हर आहे म्हणून त्याला हिणवायचे नाही. टांगेवाल्याने आपल्याला खाली पाहिले, आता आपण टांगेवाल्याला खाली पाहू, ही सूडाची उतरंड झाली. उतरंडीत आपली जागा वर सरकवणे हे बाबासाहेबांचे ध्येय नव्हते, उतरंडच मोडणे हे होते.

तिसरा आक्षेप आपल्या तरुणांच्या मनात असतो, पण बोलला जात नाही. गणवेशातला ड्रायव्हर, दार उघडून धरणारा, विमानतळावर नावाची पाटी घेऊन उभा असलेला. त्या पाटीवर "कांबळे", "गायकवाड", "मेश्राम" लिहिलेले. आमच्या आजोबांना गाडीवानाने बसू दिले नाही, आता आमच्या नावाची पाटी कोणी तरी धरतो आहे, याचा अभिमान का वाटू नये? वाटावा. आम्ही त्या अभिमानाची थट्टा करणार नाही. त्याचा फोटो काढा, रील करा, आईला दाखवा. बाबासाहेबांचा कोट-टायसुद्धा याच अभिमानाचा होता. पण तो कोट कोणाला लाचार करण्यासाठी नव्हता. ज्याला आपण 'शोफर' म्हणून श्रीमंती शब्द समजतो, तो फ्रेंच शब्द मुळात भट्टी तापवणाऱ्या, इंजिनात कोळसा टाकणाऱ्या कामगाराचा आहे. शब्दात थाट आला, तरी काम घामाचेच राहिले.

बुकिंग करताना काय करावे

नुसती टीका करून थांबणे आम्हाला मान्य नाही. म्हणून आपल्या गटांवर गाडीचा नंबर पाठवताना त्यासोबत पुढील गोष्टीही पाठवाव्यात.

पहिली, गाडी पिवळ्या पाटीचीच घ्यावी. विजेवर चालणारी भाड्याची गाडी असेल तर हिरव्या पाटीवर पिवळी अक्षरे असतात. खासगी पांढऱ्या पाटीची गाडी स्वस्त पडते, पण ती भाड्याने चालवणे बेकायदा आहे आणि अपघात झाला तर विम्याचे पैसे अडू शकतात. त्यात नुकसान प्रवाशाचेही आणि ड्रायव्हरचेही.

दुसरी, तिकीट नीट वाचावे. मुंबईचे टर्मिनल १ आणि टर्मिनल २ वेगळ्या ठिकाणी आहेत, आणि डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईचे विमानतळही सुरू झाले आहे. बुकिंगच्या वेळीच विमानतळ आणि टर्मिनल लिहून द्यावे. ऐनवेळी चुकीच्या दाराशी पोहोचलो की शिव्या ड्रायव्हरला बसतात.

तिसरी, दर लेखी घ्यावा. टोल, पार्किंग, रात्रीचा चार्ज, भत्ता हे त्यात आहेत की नाहीत ते स्पष्ट करून घ्यावे. भत्ता शक्यतो ड्रायव्हरच्याच हातात किंवा त्याच्या खात्यात द्यावा आणि तसे मालकाला आधीच सांगावे.

चौथी, आणि आमच्या मते सगळ्यांत महत्त्वाची. आदल्या रात्री ड्रायव्हरचा फोन घेऊन थेट विचारावे, "दादा, उद्याच्या आधी कोणती ड्युटी आहे? झोप झाली असेल ना?" लांबचा रस्ता असेल तर मुक्कामाची सोय ठरवूनच गाडी घ्यावी. मुक्काम म्हणजे पार्किंगमध्ये सीट मागे करून पडणे नव्हे. मुंबईत आपल्या कार्यकर्त्यांची घरे आहेत, विहारे आहेत. ६ डिसेंबरला लाखोंची सोय करणारा आपला समाज एका ड्रायव्हरला सहा तास अंथरूण देऊ शकत नाही, असे आम्हाला वाटत नाही.

पाचवी, वेळ पोटभर ठेवावी. बहुतेक विमान कंपन्यांचा काउंटर आंतरराष्ट्रीय उड्डाणाच्या तासभर आधी बंद होतो. उशिरा निघून "जरा दाबा ना" म्हणणारा प्रवासी अपघाताचे अर्धे कारण असतो. निरोपाची भाषणे, हार आणि फोटो यांना वेळ लागणारच, तर ते आदल्या दिवशी उरकावे. टर्मिनलच्या आत तिकीट असलेल्यालाच सोडतात, त्यामुळे निरोपाला आणखी दोन गाड्या भरून नेण्याचा खर्चही टाळता येतो.

सहावी, ढाब्यावर ड्रायव्हरला वेगळ्या टेबलावर पाठवू नये. आपल्या सोबत बसवावे. त्याला एकटे बसायचे असेल तर तो त्याचा प्रश्न, पण बोलावणे आपले काम. वेगळा कप काय असतो हे ज्या समाजाला माहीत आहे, त्या समाजाच्या गाडीत वेगळे टेबल असता कामा नये.

चळवळीने काय मागावे

एका एका प्रवाशाच्या चांगुलपणाने धंदा सुधारत नाही. चांगुलपणाला संघटनेची जोड हवी. म्हणून आमच्या मागण्या अशा आहेत.

महाराष्ट्राला उपाय बाहेरून आणण्याची गरज नाही. १९६९ च्या माथाडी कायद्याने विखुरलेल्या हमालांसाठी मंडळे उभी राहिली. मालक कोणीही असो, मजुरीसोबत लेव्ही मंडळात जमा होते आणि त्यातून कामगाराला भविष्य निर्वाह निधी, रजा, औषधपाणी मिळते. भाड्याच्या गाड्यांच्या ड्रायव्हरांसाठी याच धर्तीचे मंडळ का नको? प्रत्येक बुकिंगमागे लेव्ही, मग ते अ‍ॅपवर झालेले असो वा ट्रॅव्हल्सच्या ऑफिसात. सामाजिक सुरक्षा संहितेने अ‍ॅप कंपन्यांकडून उलाढालीच्या १ ते २ टक्के अंशदान घेण्याची तरतूद केली आहे. ते अंशदान ड्रायव्हरपर्यंत पोहोचते का, यावर आपल्या संघटनांनी लक्ष ठेवावे. आणि कामाच्या तासांसाठी दहा कामगारांची अट काढून टाकावी, कारण झोप एका गाडीच्या ड्रायव्हरलाही लागते.

विमानतळांवर प्रवाशांसाठी चकचकीत लाउंज आहेत. भाड्याच्या गाडीच्या ड्रायव्हरसाठी स्वच्छ शौचालय, पिण्याचे पाणी आणि चार तास आडवे होता येईल अशी जागा विमानतळ चालवणाऱ्या कंपन्यांना सक्तीची करावी. सामाजिक न्याय विभागाने परदेशी जाणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी मुंबईत एका रात्रीच्या मुक्कामाची सोय करावी, म्हणजे विदर्भ-मराठवाड्याच्या मुलांना एका दमात हजार किलोमीटर गाठायची पाळी येणार नाही आणि त्यांच्या ड्रायव्हरवरही येणार नाही.

आणि आपल्या तरुणांमध्ये जे स्वतः ड्रायव्हर आहेत, त्यांनी आपापल्या तालुक्यात जातीपलीकडची संघटना बांधावी. दर ठरवावा, ठरल्या दराखाली कोणी जाऊ नये, आणि सलग दोन रात्रींची ड्युटी कोणी घेऊ नये. विमानाचे तिकीट काढणारा भीमसैनिक आणि त्याला सोडायला जाणारा भीमसैनिक एकाच वस्तीतले असतात, पुष्कळदा एकाच घरातले. एकाची प्रगती दुसऱ्याच्या थकव्यावर उभी राहिली, तर तिला समाजाची प्रगती म्हणता येणार नाही.

१९१३ साली बाबासाहेब शिकायला न्यूयॉर्कला गेले आणि त्यांनी परत येऊन आपल्याला माणूस म्हणून उभे केले. आज त्यांच्या वाटेने जाणाऱ्यांनी पहिला धडा परदेशातल्या विद्यापीठात नव्हे, घरापासून विमानतळापर्यंतच्या रस्त्यावर गिरवावा. गाडी ठरवताना "किती घेणार?" हा प्रश्न विचारणारच आहात. त्याआधी "किती तास झोपलात?" हा प्रश्न विचारा. आणि उत्तर समाधानकारक नसेल तर निघू नका.

जय भीम!